वाशिम : प्राचीन वत्सगुल्म आणि तेथील प्रेक्षणीय स्थळे

वाशिम : महाराष्ट्र राज्याच्या याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व विदर्भातील एक प्राचीन नगर. लोकसंख्या ७८,३८७ (२०११). हे अकोल्याच्या दक्षिणेस सु. ८० किमी. वर अकोला–पूर्णा लोहमार्गावर वसले असून अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्ग शहरावरून जातो. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी, धर्मशास्त्र व पुराणकथा यांत वर्णिलेले तीर्थक्षेत्र, प्राचीन ज्योतिषांच्या मध्यरेखेवरील एक स्थान आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळातील बालाजी मंदिराचे गाव अशा अनेक नात्यांनी ते इतिहासात ज्ञात आहे. बासिम हे त्याचे मुसलमानी व इंग्रजी अंमलातील रूढ नाव.

वाशिमला येणाऱ्या प्रवाशाला आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या शहराचे महत्त्व ज्या काळामुळे आहे, त्या चौथ्या-पाचव्या शतकांतील ओळखता येईल अशी एकही वास्तू आज येथे उभी नाही. डोळ्यांना दिसते ते बहुतेक सर्व अठराव्या शतकातील व त्यानंतरचे. जुनी राजधानी आहे ती तीर्थांच्या नावांत, ताम्रपटात व शिलालेखांत, संस्कृत-प्राकृत ग्रंथांतील उल्लेखांत आणि येथून बऱ्याच दूर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत. त्यामुळे वाशिमची प्रेक्षणीय स्थळे केवळ पाहण्याची नाहीत, तर एकमेकांशी जुळवून वाचण्याची आहेत.

नाव व आख्यायिका : वाशिम हे नाव वत्सगुल्म या संस्कृत नावावरून, वच्छोम व वासिम या रूपांतून आले. स्थलपुराणाप्रमाणे वत्स नावाच्या ऋषीने येथे उग्र तप केले आणि त्याच्या आश्रमाच्या रक्षणासाठी देवांचा समूह, म्हणजे गुल्म, येथे येऊन राहिला. म्हणून या क्षेत्राला वत्सगुल्म म्हणू लागले. ‘कामसूत्रा’त वात्सगुल्मक लोकांच्या चालीरीतींचा निर्देश आहे, त्यावरील ‘जयमंगला’ टीकेत वत्स व गुल्म हे दक्षिणापथातील दोन राजपुत्र बंधू होते व त्यांनी वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्म, अशी निराळी व्युत्पत्ती दिली आहे. या दोन्ही कथा नावाचा उलगडा करण्यासाठी मागाहून रचलेल्या दिसतात. तथापि त्यांवरून एवढे निश्चित होते, की नगराचे नाव विदर्भाबाहेरच्या ग्रंथकारांनाही परिचित होते आणि त्याच्या उत्पत्तीविषयी त्यांना कुतूहल वाटत होते.

तीर्थे व जलाशय : वाशिम कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी नाही. हे शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या पठारी भागात, उत्तरेकडे पूर्णेला व दक्षिणेकडे पैनगंगेला मिळणाऱ्या प्रवाहांच्या दरम्यान आहे. येथे पडलेला पाऊस दोन्हीकडे वाहून जातो. अशा ठिकाणी मोठी वस्ती टिकवायची तर पाणी अडवून साठविणे भागच होते. वाशिमच्या परिसरात १०८ तीर्थे असल्याची जी परंपरा सांगितली जाते, तिचा अर्थ या भौगोलिक स्थितीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. तीर्थ म्हणजे पवित्र पाणी. आणि जे पाणी पवित्र ठरते, ते सहसा कोणी बुजवीत नाही.

या तीर्थांपैकी शहराच्या उत्तर भागातील पद्मतीर्थ हे प्रमुख होय. ते विष्णूने निर्माण केले अशी श्रद्धा आहे. वासुकी नावाचा राजा कुष्ठरोगाने पीडित असता येथील लहानशा कुंडात स्नान केल्याने बरा झाला व त्याने कुंडाचा विस्तार करून मोठे तळे बांधले, अशी आख्यायिका आहे. अस्थिविसर्जनासाठीही हे तीर्थ पवित्र मानले जाते. दारिद्र्यहरण तीर्थाशी दशरथाच्या बाणाने श्रावणाचा मृत्यू झाल्याची कथा जोडली गेली आहे. ही कथा भारतात इतरही अनेक ठिकाणी सांगतात. परंतु पाणी भरण्याचा प्रसंग तिच्या मुळाशी असल्याने एखाद्या जुन्या पाणवठ्याभोवती ती रुजावी, हे स्वाभाविक आहे. शिवमंदिरांत करुणेश्वर व मध्यमेश्वर ही विशेष मान्यता पावलेली देवस्थाने होत.

पाणी साठविण्याची येथील परंपरा केवळ आख्यायिकांवर अवलंबून नाही. वाशिमच्या परिसरातील हिस्से बोराळा येथे सापडलेल्या शिलालेखात वाकाटक नृपती देवसेन याच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचे तळे निर्माण केल्याची नोंद आहे. लेखात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८ हे वर्ष दिले आहे. वाकाटकांचे इतर लेख राजांच्या राज्यवर्षांत कालनिर्देश करतात. त्यामुळे शकाचा निश्चित आकडा देणारा हा लेख घराण्याच्या कालगणनेचा आधारस्तंभ ठरला आहे. तळ्याचे नावही अर्थपूर्ण आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळापासून प्रसिद्ध असलेल्या तलावाचे नाव सुदर्शनच. अतिवृष्टीने फुटलेला त्याचा बांध गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त केला, तो इ. स. ४५६-५७ च्या सुमारास. वाशिमजवळच्या तळ्याला अवघ्या एकदोन वर्षांत तेच नाव मिळावे, यावरून गिरनारच्या सुदर्शनाची कीर्ती विदर्भात पोहोचली होती, असे अनुमान करण्यास जागा आहे.

वाकाटकांची राजधानी : सम्राट पहिल्या प्रवरसेनाच्या मृत्यूनंतर, इ. स. च्या चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात, वाकाटकांचे राज्य त्याच्या पुत्रांमध्ये विभागले गेले. त्यांतील ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन (रामटेकजवळील नगरधन) येथून राज्य करीत होती. सर्वसेन या पुत्राने स्थापिलेल्या दुसऱ्या शाखेची राजधानी वत्सगुल्म ही होती. आज ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळते. परंतु १९३९ पर्यंत या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व इतिहासकारांना ठाऊक नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात सर्वसेनाचे नाव आहे, पण आरंभीच्या वाचकांनी त्या जागी दुसरेच नाव वाचले होते. परिणामी या राजांची गणना ज्येष्ठ शाखेच्याच वंशावळीत केली जात असे.

१९३९ मध्ये वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. य. खु. देशपांडे व द. बा. महाजन यांनी तो अभ्यासकांपुढे मांडला आणि वा. वि. मिराशी यांनी त्याचे सखोल विवेचन केले. ताम्रपट वत्सगुल्म येथून राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेला आहे. नांदीकड, म्हणजे नांदेड, विभागाच्या उत्तर मार्गातील आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात नमूद केले असून दाता विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. या एका पुराव्याने अजिंठ्याच्या लेखाचे वाचन दुरुस्त झाले आणि महाराष्ट्राच्या इतिहासात एका राजवंशाची भर पडली. ताम्रपटाची भाषाही लक्षणीय आहे. त्यातील वंशवर्णनाचा भाग संस्कृतात व दानाच्या व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. राजकीय लेखनातील प्राकृताचे स्थान संस्कृत घेऊ लागले होते, त्या संक्रमणाची ही दोन भाषांतील साक्ष होय.

साहित्यातील वत्सगुल्म : सर्वसेन हा राज्यसंस्थापक तसाच प्राकृत कवीही होता. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याच्या कथेवर त्याने ‘हरिविजय’ हे काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी केलेल्या उल्लेखांवरून व नंतरच्या ग्रंथांतील अवतरणांवरून त्याची कल्पना येते. पुढे ज्येष्ठ शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य प्रसिद्ध झाले. अशा प्रकारे दोन्ही वाकाटक शाखांत प्राकृत काव्याची परंपरा होती. वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’, म्हणजे वत्सगुल्माची, असेही नाव मिळाले. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांच्या विवाहाचे रूपक रचले आहे. काव्यपुरुषाच्या मागोमाग ही वधू देशोदेशी फिरते आणि अखेर त्यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात होतो. वाकाटकांची सत्ता नष्ट होऊन चार शतके लोटली असतानाही हे नगर रसिकतेचे प्रतीक म्हणून कवींच्या स्मरणात होते, हे यावरून दिसते.

अजिंठ्याशी संबंध : वत्सगुल्म शाखेचे सर्वांत मोठे स्मारक वाशिमला नसून अजिंठ्यास आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करणाऱ्या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने तेथील सोळावे लेणे कोरवून बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केले. लेण्याबाहेरच्या भिंतीवरील त्याच्या लेखात विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची वंशावळ आहे. गुलवाडा येथील घटोत्कच लेणेही याच सचिवाचे. लगतच्या सतराव्या लेण्याचा लेखही हरिषेणाच्या कारकीर्दीचा निर्देश करतो. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांतील चित्रकलेचा जो बहर जगप्रसिद्ध आहे, त्याच्या राजाश्रयाचे केंद्र अशा रीतीने वाशिम हे होते. राजधानी एका ठिकाणी व तिचे वैभव दुसऱ्या ठिकाणी टिकावे, याचे कारण बांधकामाच्या साधनांत शोधता येते. विटा, लाकूड व माती यांनी उभारलेले प्रासाद कालौघात नाहीसे होतात, त्यांच्या विटा पुढच्या पिढ्या उचलून नेतात. अखंड खडकात कोरलेले लेणे मात्र कोणाला उचलून नेता येत नाही.

हरिषेणानंतर थोड्याच काळात ही सत्ता कोलमडली. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत एका थोर विदर्भराजाचा व्यसनी पुत्र शत्रूच्या हेरांच्या नादी लागून राज्य घालवितो, असा प्रसंग आहे. तो वाकाटकांच्या अखेरीचे प्रतिबिंब असावा, असे मिराशी यांचे मत आहे.

मध्यमेश्वर व मध्यरेखा : वाशिमच्या मध्यमेश्वर देवस्थानाविषयी असे सांगतात, की पृथ्वीची मध्यरेखा येथून जाते. वरवर ही भाविकांची अतिशयोक्ती वाटते. पण तिला ग्रंथाधार आहे. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ (इ. स. ११८३) या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या भूमध्यरेखेवरील स्थाने दिली आहेत. त्यांत कांची, वत्सगुल्म, उज्जयिनी व कुरुक्षेत्र ही नावे येतात. पंचांगगणित या रेखेवरील वेळेसाठी करून इतर गावांसाठी देशांतर-संस्कार देत असत. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैनचे रेखावृत्त ७५° ४७′ पू. व वाशिमचे सु. ७७° ८′ पू. आहे. दोहोंतील फरक सव्वा अंशाहून थोडा अधिक, म्हणजे वेळेच्या हिशेबात सु. साडेपाच मिनिटे, पाव घटकेहूनही कमी आहे. ग्रहणांच्या निरीक्षणावरून व प्रवासाच्या अंतरांवरून रेखांश काढण्याच्या काळात एवढी चूक अपरिहार्य होती.

ग्रीक विद्येच्या इतिहासातही याला समांतर उदाहरण आढळते. भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रिया व ऱ्होड्स ही नगरे एकाच रेखावृत्तावर आहेत असे एराटॉस्थीनीझ (इ. स. पू. तिसरे शतक) धरून चालला, वस्तुतः त्यांतही सु. पावणेदोन अंशांचे अंतर आहे. या दोन ज्योतिषपरंपरा परस्परांना अपरिचित नव्हत्या. वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त यवनपुर व उज्जयिनी यांतील देशांतर ७ १/३ घटिका, म्हणजे ४४ अंश, दिले आहे. यवनपुर म्हणजे अलेक्झांड्रिया असे सामान्यतः मानले जाते व प्रत्यक्ष अंतर सु. ४६ अंश भरते. अलेक्झांड्रियाचे भवितव्यही काही अंशी वत्सगुल्मासारखेच झाले. तेथील जगद्विख्यात दीपगृह चौदाव्या शतकातील भूकंपांनी जमीनदोस्त झाले आणि पंधराव्या शतकात त्याच्या जागी कायतबाई सुलतानाने किल्ला बांधला. प्रवासी तेथे दीपगृहाच्या ओढीने जातो आणि किल्ला पाहून परततो. वाशिमलाही वाकाटकांच्या ओढीने आलेला अभ्यासक अखेर भोसल्यांच्या काळातील मंदिरासमोर उभा राहतो.

मध्ययुगीन व मराठा काळ : मोगल काळात बासिम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण होते, असे ‘आईन-इ-अकबरी’वरून कळते. अठराव्या शतकात येथील विणकाम नावाजलेले होते. माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात १७६९ मध्ये झालेल्या कनकापूरच्या तहात भोसल्यांनी दरवर्षी ५,००० रुपये किमतीचे वाशिम व बाळापूर येथील कापड पेशव्यांस द्यावे, असे एक कलम होते. राजकीय तहात गावाच्या कापडाचा उल्लेख व्हावा, यावरून येथील कारागिरांच्या लौकिकाची कल्पना येते.

बालाजी मंदिर हे शहरातील सर्वांत महत्त्वाचे व भाविकांच्या नित्य वर्दळीचे स्थान आहे. साबाजी भोसल्यांचा दिवाण भवानी काळू याने ते बांधविले. प्रवेशद्वाराच्या स्तंभावरील देवनागरी लेखात १७७९ या वर्षाशी जुळणारा काळ नोंदलेला आहे. जानोजीच्या मृत्यूनंतर (१७७२) नागपूरच्या गादीसाठी मुधोजी व साबाजी या बंधूंत झगडा होऊन १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. धनी पडल्यानंतर चार वर्षांनी त्याच्या दिवाणाच्या नावाने हे मंदिर उभे राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या गेल्या व पुढे ती जागा विस्मृतीत गेली; अठराव्या शतकात एक घोडेस्वार काठीने सहज जमीन उकरीत असता त्याला मूर्तीचे बोट दिसले आणि खोदल्यावर काळ्या पाषाणाची बालाजीची सुबक मूर्ती मिळाली, अशी परंपरागत हकीगत आहे. आश्विन महिन्यात येथे मोठा उत्सव भरतो. मंदिराशी संलग्न देवतलाव किंवा बालाजी तलाव हाही भवानी काळू याच्याच काळातील. पायऱ्यांनी बांधून काढलेला हा चौकोनी तलाव पाहताना पद्मतीर्थापासून व सुदर्शनापासून चालत आलेल्या परंपरेतील हा आणखी एक दुवा असल्याची जाणीव होते. रामनारायण मंदिरही त्याच काळातील मानले जाते.

अर्वाचीन काळ : १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर काही काळ बासिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत घालण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. नव्या जिल्ह्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. शहरास मध्यवर्ती ठेवून श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान व जैन विद्येचे जुने केंद्र असलेले कारंजा, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर आणि बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी ही ठिकाणे पाहता येतात.

स्थळदर्शनाचा क्रम व जतनाचा प्रश्न : वाशिम पाहण्यास एक पूर्ण दिवस पुरतो. सकाळी पद्मतीर्थ, तेथून करुणेश्वर व मध्यमेश्वर, नंतर बालाजी मंदिर व देवतलाव, आणि सवड असल्यास हिस्से बोराळ्याचा परिसर, असा क्रम सोयीचा आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे यापूर्वी पाहिले असेल तर ही यात्रा अधिक अर्थपूर्ण होते. पाहिले नसेल तर वाशिमहून परतल्यावर ते अवश्य पाहावे. राजधानी व तिची निर्मिती यांची मनात सांगड घातल्याशिवाय दोहोंचेही दर्शन अपुरेच राहते.

प्राचीन वत्सगुल्म आजच्या नांदत्या शहराखाली आहे. त्यामुळे येथे खणलेला प्रत्येक पाया, प्रत्येक विहीर व प्रत्येक नाली ऐतिहासिक थरांतून जाते. गावातील जुनी वीट, खापर, नाणे किंवा कोरीव दगड यांचे मोल बाजारातील किमतीवरून ठरत नाही. ती वस्तू नेमकी कोठे व किती खोलीवर मिळाली, या माहितीवरून ते ठरते. भूमिगत निधीसंबंधीचा १८७८ चा कायदा अशी वस्तू सापडल्यास शासनास कळविण्याचे बंधन घालतो. तीर्थांच्या बाबतीतही हेच लागू पडते. तळी बुजली, त्यांचे पाणी दूषित झाले किंवा त्यांवर बांधकामे झाली, तर केवळ धर्मभावना दुखावते असे नाही; ज्या नगररचनेचा दुसरा कोणताही दृश्य अवशेष उरलेला नाही, तिचा उरलासुरला आराखडाही पुसला जातो. १९३९ मध्ये सापडलेला ताम्रपट कोणी तांब्याच्या भावाने भट्टीत घातला असता, तर सर्वसेन व विंध्यशक्ती यांचे राज्य कदाचित आजही दुसऱ्याच शाखेच्या नावावर जमा असते. वाशिमच्या मातीत अजून काय आहे, ते यापुढे कुदळ चालविणाऱ्या हातांच्या सावधगिरीवर अवलंबून राहील.